सामायिक फोल्डरच्या दाराशी : कॅनबेरा ते लक्झेंबर्ग, १९९१ ते २००७

थ्रेड. जरा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

एखाद्या मोठ्या कार्यालयात सकाळी एक कर्मचारी संगणकासमोर बसते, नाव आणि पासवर्ड टाकते आणि तिच्यासमोर एक ड्राइव्ह उघडतो. तो ड्राइव्ह त्या संगणकात नसतो. त्यातल्या फायली दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्या शहरात असतात; आणि त्या सांभाळणारे यंत्रही अनेकदा एकटे नसते, पाच-दहा यंत्रांचा जथा मिळून ते काम करत असतो. तिला लेखा विभागाचे फोल्डर उघडता येते, आस्थापना विभागाचे येत नाही. उद्या ती दुसऱ्या टेबलावर बसली तरी हेच घडेल.

ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला इतिहास असेल असे वाटतही नाही. प्रत्यक्षात तिच्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत: फाइल कुठे आहे, मागणारा कोण आहे, आणि त्याला किती मुभा आहे. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हेतूंनी शोधली गेली. ती एकत्र आली तेव्हा मात्र वाद पेटला, आणि तो तंत्राचा उरला नाही. दोन यंत्रे आपसात जी भाषा बोलतात ती कोणाच्या मालकीची, असा तो वाद होता.

आरंभ फायलींपासून करू. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एक प्रोटोकॉल रचला. एका वैयक्तिक संगणकाने दुसऱ्यावरची फाइल आपलीच असल्यासारखी वापरावी, एवढाच त्याचा उद्देश. त्याचे नाव एसएमबी. मायक्रोसॉफ्टने तो उचलला, वाढवला आणि आपल्या प्रत्येक डेस्कटॉपमध्ये घातला. त्याच सुमारास युनिक्सच्या जगात सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस ही पद्धत रूढ होत होती. दोन्ही गोटांत फायली वाटल्या जात होत्या, पण दोन वेगळ्या भाषांत.

डिसेंबर १९९१. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, कॅनबेरा. संगणकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यापुढे एक अगदी क्षुल्लक अडचण उभी राहिली. डिजिटल कंपनीचा एक नवा प्रोग्राम त्याला आपल्या डॉस संगणकावर तपासायचा होता. तो प्रोग्राम चालण्यासाठी त्याच कंपनीची ‘पाथवर्क्स’ ही नेटवर्क-व्यवस्था लागे, आणि पाथवर्क्स घेतले की विभागातल्या सनच्या यंत्रांवरील फायली हातच्या जात. म्हणजे एक दार उघडायचे तर दुसरे बंद.

त्याने काय केले? पाथवर्क्सचा सर्व्हर आणि संगणक यांच्यामध्ये तारेवरून जे पॅकेट जातात ते टिपणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रश्न कसा विचारला जातो, उत्तर कसे येते, हे नुसते पाहिले. मग तशीच उत्तरे देणारा स्वतःचा सर्व्हर सनच्या यंत्रावर लिहिला. काही दिवसांचे काम. जानेवारी १९९२ मध्ये त्याने ते सर्वांसाठी खुले केले. आपण मायक्रोसॉफ्टची भाषा उलगडली आहे, याची त्या वेळी त्याला कल्पनाही नव्हती. त्याच्या लेखी ती डिजिटलची भाषा होती.

पुढे या पद्धतीचे वर्णन त्याने फ्रेंच उपाहारगृहाच्या दृष्टान्ताने केले आहे. तुम्हाला फ्रेंच येत नाही, पुस्तक नाही, शिक्षक नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर बसा, गिऱ्हाईक काय म्हणते आणि वाढपी काय आणून ठेवतो ते ऐका, पाहा. हळूहळू शब्द कळतात. मग स्वतः मागवून पाहा आणि काय येते ते बघा. ज्यांनी कोणाच्याही मदतीविना, नुसत्या परिचित मायन्यांच्या आधारे मोडी वाचायला आरंभ केला असेल, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

जवळजवळ दोन वर्षे हा प्रोग्राम तसाच पडून होता. १९९३च्या अखेरीस घरातल्या लिनक्स यंत्राला पत्नीचा संगणक जोडण्याच्या खटपटीत ट्रिजेलने तो पुन्हा हाती घेतला. नावाचीही एक गंमत आहे. आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे निघाले. तेव्हा त्याने संगणकातल्या शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले. जे थोडे निघाले त्यांत एक होता ‘साम्बा’. १९९४ पासून तेच नाव राहिले.

आता दुसरा प्रश्न: मागणारा कोण? यासाठी आठ वर्षे मागे आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. १९८३ मध्ये एमआयटीने डिजिटल आणि आयबीएम यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू केला. विद्यार्थ्याने आवारातल्या कोणत्याही वर्कस्टेशनपुढे बसावे आणि आपल्या फायली मिळवाव्यात, ही कल्पना. पण जे यंत्र रात्रंदिवस विद्यार्थ्यांच्या ताब्यात, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्या काळच्या एनएफएसमध्ये सर्व्हर यंत्राच्या शब्दावर विसंबत असे: यंत्र म्हणाले की हा अमुक क्रमांकाचा वापरकर्ता, तर तो तसाच. आणि ज्याच्या हाती यंत्र पूर्णपणे आहे, त्याला हवा तो क्रमांक सांगता येतो.

अथेनाचे उत्तर म्हणजे कर्बरॉस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसलेला तीन डोक्यांचा कुत्रा, त्याचे नाव. स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन हे त्याचे मुख्य शिल्पकार, आणि पाया रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा. मर्म असे की पासवर्ड तारेवरून कधीच जात नाही. मध्यवर्ती सर्व्हर तुम्हाला एक तिकीट देतो. तुमच्यापाशी येणारे उत्तर तुमच्या पासवर्डपासून तयार केलेल्या किल्लीने बंद केलेले असते, त्यामुळे ते तुम्हालाच उघडता येते. आणि आतले तिकीट फाइल-सर्व्हरच्या गुप्त किल्लीने बंद असते, म्हणून ते फक्त त्या सर्व्हरलाच वाचता येते. तिकिटाला मुदत असते. घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. सामान्यतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक पडला तर दार उघडत नाही.

येथे एक बारकावा आहे आणि पुढचा सगळा तंटा त्यातूनच उगवतो. तुम्ही कोण आहात, एवढेच अथेनाचे तिकीट सांगे. तुम्हाला काय मुभा आहे, हे ते सांगत नसे. तो निर्णय ज्याच्या फायली त्या सर्व्हरचा. सप्टेंबर १९९३ मध्ये कर्बरॉसची पाचवी आवृत्ती इंटरनेटची खुली मानके ठरवणाऱ्या मंचावर प्रसिद्ध झाली, तेव्हा तिकिटात एक रकाना मोकळा ठेवलेला होता. ज्याला अधिकारांविषयी काही नोंदवायचे असेल त्याने तिथे नोंदवावे.

इकडे मायक्रोसॉफ्टच्या जगातही केंद्रीकरण आले होते. विंडोज एनटीपासून ‘डोमेन’ ही कल्पना रुजली: सगळ्यांची नावे आणि पासवर्ड एका मुख्य यंत्रावर, बाकीची यंत्रे त्याला विचारणार. १७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आले आणि त्यासोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी. तिच्या पोटात तीन खुली मानके होती: नावे शोधण्यासाठी डीएनएस, वापरकर्त्यांची सूची ठेवण्यासाठी एलडॅप आणि ओळख पटवण्यासाठी एमआयटीचे कर्बरॉस. सार्वजनिक विटा घेऊन खासगी वाडा बांधावा, तसे. यात गैर काही नव्हते. विटा त्यासाठीच होत्या.

पण तिकिटातल्या त्या मोकळ्या रकान्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःचा मजकूर भरला. वापरकर्ता कोणकोणत्या गटांत आहे, त्याची यादी. नियमाप्रमाणे हे वैध होते. मात्र मजकुराची मांडणी जाहीर नव्हती. ती न कळणारा सर्व्हर तिकीट स्वीकारू शके, पण आलेली व्यक्ती लेखा विभागातली की आस्थापनेतली, हे त्याला तिकिटावरून कळत नसे. ओरड झाल्यावर एप्रिल २००० मध्ये कंपनीने तपशील प्रसिद्ध केला, पण वाचण्याआधी ‘हे व्यापारी गुपित आहे’ या अटीवर संमती द्यायची. जगभर वाटलेला कागद गुपित कसा, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. स्लॅशडॉट या संकेतस्थळावर वाचकांनी तो मजकूर सरळ चिकटवला आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या वकिलांचे पत्र तिथे पोचले.

आता तिसरा मंच: ब्रुसेल्स. १५ सप्टेंबर १९९८ रोजी सन मायक्रोसिस्टिम्सच्या एका उपाध्यक्षाने मायक्रोसॉफ्टला पत्र लिहिले. आमच्या सर्व्हरला विंडोजच्या डेस्कटॉपशी नीट बोलता यावे यासाठी लागणारी माहिती द्या, ही मागणी. ६ ऑक्टोबरला उत्तर आले. त्याने सनचे समाधान झाले नाही. १० डिसेंबर १९९८ रोजी सनने युरोपीय आयोगाकडे तक्रार दाखल केली. अभिलेखागारात बसणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल: साध्या मागणीचे पत्र, थंड उत्तर, आणि त्यातून उभा राहणारा वर्षानुवर्षांचा खटला.

२४ मार्च २००४ रोजी आयोगाचा निर्णय आला. स्पर्धा आयुक्त होते मारियो मोंटी. दंड ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक. लोकांच्या लक्षात दंडाचा आकडा आणि मीडिया प्लेअरचा भाग राहिला. माझ्या मते खरे महत्त्व दुसऱ्या कलमाचे होते: फायली वाटणे, छपाई, वापरकर्त्यांची ओळख व त्यांचे अधिकार ही कामे करणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने आपली संभाषणाची भाषा प्रतिस्पर्ध्यांना खुली करावी. प्रोग्राम नव्हे, भाषा. घराचा आराखडा मागितला नव्हता. दार कसे ठोठवायचे एवढे विचारले होते.

मायक्रोसॉफ्टने अपील केले. यानंतर जे घडले ते इतिहासकाराने टिपून ठेवावे असे आहे. निर्णयाला दोन आठवडे होण्याआधीच, २ एप्रिल २००४ रोजी, मूळ तक्रारदार सनने सुमारे १ अब्ज ९५ कोटी डॉलर घेऊन मायक्रोसॉफ्टशी समेट केला. नोव्हेंबरमध्ये नॉव्हेलने ५३ कोटी ६० लाख डॉलरवर समेट करून खटल्यातून अंग काढून घेतले. ज्यांच्याकडे पैसा, वकील आणि तांत्रिक साक्षीदार होते ते एकामागून एक उठून गेले.

मागे राहिलेल्यांत होती युरोपची फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि तिच्यासोबत साम्बाचे कार्यकर्ते. त्यांच्याशी पैशांत समेट करावा, तर विकण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. साम्बा फुकट वाटला जात होता आणि त्याचे लेखक अनेक देशांत विखुरलेले होते. एप्रिल २००६ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयात तेरा न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. मायक्रोसॉफ्टचा युक्तिवाद असा की आपले मुख्य सर्व्हर परस्परांशी इतक्या घट्ट गुंफलेले आहेत की भाषा उघड करणे म्हणजे आतली यंत्रणाच देऊन टाकणे. त्या गुंफणीला ते ‘निळा बुडबुडा’ म्हणत. याचे उत्तर देण्यास अशी भाषा बाहेरून ऐकून शिकलेला माणूसच योग्य. अँड्र्यू ट्रिजेल त्या दालनात होते. भाषा आणि ती बोलणाऱ्याचे पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा त्यांनी १४ वर्षे लिहून काढलेला होता.

त्याआधी जानेवारी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक देणगी पुढे केली होती: हवा तर आमचा मूळ प्रोग्रामच परवान्यावर वाचा. वरवर ती उदार वाटते. पण जो मूळ प्रोग्राम वाचेल, त्याने नंतर लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर नक्कल केल्याचा आरोप होऊ शकतो. साम्बाच्या मंडळींना त्याचा काही उपयोग नव्हता.

१७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने या कलमावर आयोगाचा निर्णय कायम केला. तरी गाठ सुटली नव्हती. माहितीच्या बदल्यात कंपनी विक्रीच्या उत्पन्नाचा टक्का मागत होती, आणि ज्याची विक्रीच होत नाही त्याने कशाचा टक्का द्यावा? २२ ऑक्टोबरला आयोगाने जाहीर केले की कंपनी आता एकरकमी १०,००० युरोंवर माहिती देण्यास तयार आहे. २० डिसेंबर २००७ रोजी साम्बाच्या वतीने एका ना-नफा संस्थेने तो करार केला. कागदपत्रे गुप्त ठेवायची, पण त्यांच्या आधारे लिहिलेला प्रोग्राम खुला करण्यास मुभा. कॅनबेऱ्यातील त्या पहिल्या डिसेंबरला तेव्हा सोळा वर्षे झाली होती.

आता त्या यंत्रांच्या जथ्याकडे येऊ. न्यायालयात हे चालू असताना, २००६-०७ च्या सुमारास, साम्बापुढे सर्वस्वी वेगळी अडचण होती. डेटा इतका वाढला की एका सर्व्हरला तो पेलेना. अनेक यंत्रांनी मिळून एकच फाइल-साठा सांभाळण्याची व्यवस्था, उदाहरणार्थ आयबीएमची जीपीएफएस, उपलब्ध होती. मग प्रत्येक यंत्रावर साम्बा बसवला की झाले?

झाले नाही. विंडोजचा डेस्कटॉप फाइल उघडताना एक अट घालतो: मी ही बंद करेपर्यंत दुसऱ्याने हिच्यात लिहू नये. युनिक्सच्या फाइल-व्यवस्थेला असा करार ठाऊक नाही. म्हणून साम्बा हे करार स्वतःच्या एका छोट्या वहीत लिहून ठेवतो. यंत्र एकच असेल तर वही एकच. यंत्रे दहा असतील तर वह्या दहा. एकीने पहिल्या यंत्रावरून पत्रक लिहायला घेतले, दुसऱ्याने चौथ्या यंत्रावरून तेच उघडले, आणि चौथ्या वहीत पहिल्या कराराची नोंदच नाही. संध्याकाळी एकाचे दिवसभराचे काम पुसले गेलेले असते.

सहज सुचणारा उपाय म्हणजे वहीच सामायिक साठ्यात ठेवणे. पण मग दर ओळीसाठी यंत्रांना आपसात परवानगी मागावी लागते, आणि यंत्रे वाढवावीत तसा वेग घटतो.

ट्रिजेल आणि सहकाऱ्यांनी सीटीडीबी नावाचा जो उपाय काढला तो मला या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्यांनी विचारले: ही वही हरवली तर नेमके काय बिघडते? बँकेच्या खातेवहीचे पान हरवून चालत नाही. पण येथे नोंद आहे ती ‘अमुक डेस्कटॉपने अमुक फाइल उघडून ठेवली आहे’ अशी. ते यंत्र बंद पडले तर त्याच्यामार्फत आलेल्या डेस्कटॉपचा संपर्क तुटलेलाच असतो. म्हणजे त्या नोंदी नष्ट होणे हेच बरोबर. तेव्हा प्रत्येक नोंदीच्या प्रती सगळीकडे ठेवण्याचा खटाटोप कशाला? ज्या यंत्राला ती लागते त्याच्याकडे ती जाते, आणि ती सध्या कुठे आहे हे एका ठरावीक यंत्राला ठाऊक असते. एखादे यंत्र पडले की उरलेली आपापल्या प्रती पुढे करतात आणि प्रत्येक नोंदीची सर्वांत ताजी प्रत ग्राह्य धरली जाते.

काही वह्या मात्र हरवून मुळीच चालत नाहीत, आणि येथे कर्बरॉस पुन्हा येतो. विंडोजच्या डोमेनमध्ये माणसाची ओळख म्हणजे एक लांबलचक क्रमांकमाला. युनिक्सला हवा असतो साधा आकडा. साम्बाचा विनबाइंड हा भाग या दोहोंची जोडी लावतो. पहिल्या यंत्राने १०००१ हा आकडा एका लिपिकाला दिला आणि तिसऱ्याने तोच आस्थापना अधिकाऱ्याला दिला, तर काय होईल? लिपिकाला सगळ्यांच्या गोपनीय फायली उघडता येतील, आणि कोणतीही सूचना न उमटता. म्हणून ही जोड्यांची वही प्रत्येक यंत्रावर पूर्ण प्रतीत ठेवली जाते. डोमेनमध्ये सारा जथा एकाच नावाने, एकाच गुप्त किल्लीने नोंदवलेला असतो. त्यामुळे डेस्कटॉपने आणलेले तिकीट जथ्यातल्या कोणत्याही यंत्राला उघडता येते, आणि आपण दहांपैकी कोणाशी बोलतो आहोत हे डेस्कटॉपला कळतही नाही.

एक युक्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. यंत्र बंद पडले की त्याचा पत्ता दुसरे यंत्र घेते. पण डेस्कटॉपला हे ठाऊक नसते. तो जुन्या जोडणीवर उत्तराची वाट पाहत ताटकळतो. तेव्हा नवे यंत्र त्याला मुद्दाम एक चुकीची पोच पाठवते. डेस्कटॉप चूक दुरुस्त करायला लगेच उत्तर देतो. नवे यंत्र म्हणते, ही जोडणी मला माहीत नाही. डेस्कटॉप ती तोडून तत्काळ नवी जोडतो. या पोचेला त्यांनी दिलेल्या नावाचा शब्दशः अर्थ ‘गुदगुली’ असा होतो.

उरलेले थोडक्यात. करारात ज्या कागदपत्रांच्या गुप्ततेची हमी घेतली होती, त्यांचे पुढे काय झाले? २१ फेब्रुवारी २००८ रोजी, म्हणजे दोनच महिन्यांनी, मायक्रोसॉफ्टने ३०,००० हून अधिक पाने संकेतस्थळावर सर्वांसाठी उघडी केली. त्यानंतर सहा दिवसांनी, आधीच्या विलंबाबद्दल आयोगाने कंपनीला आणखी ८९ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. २०१२ मध्ये न्यायालयाने तो ८६ कोटींवर आणला.

११ डिसेंबर २०१२ रोजी साम्बाची ४.० ही आवृत्ती आली. तोवर साम्बा दुसऱ्याच्या डोमेनमध्ये पूर्ण पाहुणा म्हणून राहू शकत होता. आता तो स्वतः ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा यजमान होऊ शकत होता. तिकिटे तोच देणार, गटांचा रकानाही तोच भरणार. त्या आवृत्तीच्या घोषणापत्रात मायक्रोसॉफ्टच्या एका संचालकाचे निवेदनही छापलेले आहे.